सिरिंजमधल्या हवेचं आकारमान निम्मं केलं तर दाब नेमका दुप्पट होतो का?

हो, होतो, पण तापमान तेच राहिलं आणि हवा कुठून निसटली नाही तरच. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेला नियम हाच: दाब आणि आकारमान यांचा गुणाकार कायम राहतो. तोंड बंद केलेल्या सिरिंजमध्ये 20 मिली हवा साधारण 101 किलोपास्कलला असेल, तर 10 मिलीवर 202 आणि 5 मिलीवर 404. कारण सोपं आहे. रेणू तेवढेच, जागा निम्मी, म्हणून भिंतीच्या तेवढ्याच भागावर त्यांच्या धडका दुप्पट.

प्रयोगशाळेत हा प्रयोग करून घेताना आकडे बहुतेक वेळा या तीन ठिकाणी फसतात:

- साधा दाबमापक वातावरणाच्या दाबाला शून्य धरतो. त्याच्या आकड्यात आधी 101 मिळवा, मगच गुणाकार करा.
- सिरिंज आणि मापक जोडणाऱ्या नळीतली हवाही आकारमानात धरायची. 5 मिलीच्या आसपास ही चूक चांगलीच जाणवते.
- दट्ट्या झटकन दाबला की हवा तापते आणि दाब दुपटीच्या वर जातो (उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर जवळजवळ 2.6 पट). हळू दाबा, थोडं थांबा, मग वाचा.

आलेख काढायचा तर दाब विरुद्ध 1/आकारमान असा काढा. सरळ रेषा आली की नियम जुळला. फार जास्त दाबाला किंवा वायू द्रवरूप व्हायच्या बेतात असताना मात्र हा हिशोब चालत नाही.