समुद्रकिनाऱ्याने आणि आजूबाजूच्या शेताशिवारातून सोपी पायी भटकंती करायची आहे, वाट कशी निवडावी?

अंतरापेक्षा चढ-उतार आणि पायाखालची जमीन बघा. चार-पाच किलोमीटर सपाट वाट कोणालाही जमते, पण तेवढंच अंतर भुसभुशीत कोरड्या वाळूत चालायचं म्हणजे दमछाक. म्हणून ओहोटी लागल्यावर निघा, पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते.

भरतीच्या वेळा आधी बघितल्याशिवाय मात्र निघू नकाच. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. जाताना कोरडं असलेलं खडकाचं टोक परतताना पाण्याखाली गेलेलं असू शकतं. शेवाळलेल्या खडकांवर तर जाऊच नका, घसरलात की सोपी वाट तिथेच संपली!

उतरत्या किनाऱ्यावर एकाच दिशेने फार चाललं की एका बाजूचा गुडघा कुरकुरतो. माझ्या मते जाताना किनारा आणि येताना आतली शेताडीची वाट, हे उत्तम: सावली मिळते, वाराही कमी लागतो. कड्यावरून वाट जात असेल तर कडेपासून लांबच राहा. टोपी, पाणी हवंच.