वॉलपोल ‘पंतप्रधान’ होता की ‘प्रधानमंत्री’?

रॉबर्ट वॉलपोलबद्दल लिहिताना ‘ब्रिटनचा पहिला पंतप्रधान’ म्हणावं की ‘पहिला प्रधानमंत्री’, असा प्रश्न आला आहे. इंग्रज माणसाला ‘पंत’ लावणं विचित्र वाटतं, असंही विचारणाऱ्यांचं म्हणणं आहे.

आधी पंतांचं बघू. ‘पंत’ हे ‘पंडित’चं झिजलेलं रूप. पेशव्यांना लिहिलेल्या पत्रांचे मायने पाहा, ‘राजश्री बाजीराव पंडित प्रधान’ असं संबोधन भेटतं. त्यातूनच पंतप्रधान. म्हणजे प्राइम मिनिस्टरला प्रतिशब्द हवा म्हणून हा शब्द कोणी पाडलेला नाही. तो आपल्याकडे आधीच चलनात होता, पुढे इंग्रजी पदाला लावला गेला. आज तो ऐकताना जात किंवा पगडी कोणाच्या मनात येत नाही, त्यामुळे वॉलपोललाही खुशाल लावावा. ‘प्रधानमंत्री’ सरकारी योजनांच्या नावांतून आपल्याकडे रुळला आहे. तो चूक नाही, पण मराठी मजकुरात मी ‘पंतप्रधान’च लिहीन.

मला जास्त खटकतं ते ‘होता’ हे क्रियापद.

साउथ सी या ब्रिटिश व्यापारी कंपनीचे शेअर १७२० साली कोसळले, हजारो लोक बुडाले, आणि ती घडी बसवायला १७२१ मध्ये वॉलपोल पुढे आला. त्याला मिळालेलं पद होतं ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’, म्हणजे खजिन्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळातला पहिला. १७४२ पर्यंत, सुमारे एकवीस वर्षं, राज्याच्या नाड्या त्याच्या हातात राहिल्या. पण पंतप्रधान नावाचं पदच तिथे नव्हतं. त्याच सुमारास, १७२० ते १७४०, इकडे पहिला बाजीराव होता. त्याला शाहू महाराजांकडून पदाची वस्त्रं मिळाली होती, त्याच्या शिक्क्यात राजाच्या नावाखाली ‘प्रधान’ कोरलेलं होतं. वॉलपोलजवळ या नावाचं असं काहीच नव्हतं.

उलट ‘प्राइम मिनिस्टर’ हा तेव्हा विरोधकांच्या तोंडचा ठपका होता. राजाचा कान एकट्याने धरून बसलेला, बाकी मंत्र्यांना गुंडाळून ठेवणारा माणूस, असा त्याचा अर्थ. फेब्रुवारी १७४१ मध्ये त्याला काढून टाकण्याचा ठराव संसदेत आला, तेव्हा हाच आरोप झाला आणि वॉलपोलने तो साफ नाकारला. आपल्याला मानाचं वाटणारं बिरुद त्याने स्वतः झटकून टाकलं होतं, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

डाउनिंग स्ट्रीटवरचं १० नंबरचं घर राजा दुसरा जॉर्ज त्याला बक्षीस देत होता. त्याने ते स्वतःसाठी न घेता फर्स्ट लॉर्डच्या पदासाठी घेतलं आणि १७३५ मध्ये तो तिथे राहायला गेला. त्या काळ्या दारावरच्या पितळी टपालपट्टीवर आजही ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ हीच अक्षरं आहेत. ‘प्राइम मिनिस्टर’ हे नाव सरकारी कागदावर ठळकपणे दिसतं ते १८७८ च्या बर्लिन तहात, तेव्हाचा पंतप्रधान डिझरायली याच्या संदर्भात. दरबारी मानक्रमात या पदाला जागा मिळायला १९०५ उजाडलं.

म्हणून वाक्य असं करावं: ‘१७२१ ते १७४२ या काळात ब्रिटनचा कारभार पाहणारा वॉलपोल हा तिथला पहिला पंतप्रधान मानला जातो.’