पॅरिसबाहेरचे फ्रान्स आठवडाभरात पाहायचे असल्यास कुठे जावे?

जुनी गावे, ग्रामीण भाग आणि स्थानिक जेवण या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात हव्या असतील, तर रोज नव्या शहरात मुक्काम हलवण्याऐवजी नैऋत्य फ्रान्समधील दोर्दोन्य नदीचे खोरे निवडावे आणि सगळा आठवडा सार्ला या गावी राहावे, असे मी सुचवीन. बोर्दोहून तेथे थेट रेल्वे जाते.

सार्लाचा मधाळ रंगाच्या चुनखडीचा मध्ययुगीन गाभा आज इतका अखंड दिसतो, त्याचे बरेचसे श्रेय आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना 1962 साली झालेल्या कायद्याला जाते. सुट्या स्मारकाऐवजी संपूर्ण जुन्या वस्तीला संरक्षण देणारा हा कायदा होता आणि त्याखाली ज्या शहरांचा जीर्णोद्धार सर्वांत आधी हाती घेतला गेला, त्यांत सार्ला होते. शनिवारी सकाळी गल्ल्यांमधून मोठा बाजार भरतो, बुधवारी त्याहून लहान. मुक्कामाच्या तारखा ठरवताना शनिवार हाती राहील असे पाहावे, कारण अक्रोड, अक्रोडाचे तेल, बकरीच्या दुधाचे चीज आणि हिवाळ्यात ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी अळंबी) घेऊन येणारे उत्पादक तेथे समोरासमोर भेटतात.

शंभर वर्षांच्या युद्धात (1337 ते 1453) इंग्रज आणि फ्रेंच सत्तांची सीमा याच परिसरात मागेपुढे सरकत होती. त्या काळी प्रतिस्पर्धी असलेले बेनाक आणि कास्तेल्नो हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर नजर ठेवून उभे आहेत. मला मात्र किल्ल्यांपेक्षा मोंपाझिए अधिक आवडते. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने, अक्विटेन या येथील प्रांताचा ड्यूक या नात्याने, 1284 साली हे गाव आखून वसवले. काटकोनात छेदणारे रस्ते, मधोमध कमानींनी वेढलेला चौक, चौकात लाकडी छपराचा बाजार आणि त्यात धान्य मोजण्याची जुनी मापे, असे सारे अजून जागेवर आहे. घराघरांमध्ये मुद्दाम सोडलेल्या अरुंद फटी अवश्य पाहाव्यात. आग पसरू नये आणि सांडपाणी वाहून जावे, अशी ती योजना होती. प्रागैतिहासिक रंगचित्रांसाठी प्रसिद्ध असलेली लास्कोची मूळ गुहा 1963 पासून लोकांसाठी बंद असून तिची प्रतिकृती पाहता येते. मूळ रंगचित्रेच पाहायची असतील तर ले एझी या गावाजवळच्या फाँ-द-गोम गुहेचे तिकीट बरेच आधी काढावे, कारण तेथे मोजक्याच लोकांना प्रवेश मिळतो.

जेवणाच्या वेळा येथे काटेकोर असतात. दुपारी साधारण बारा ते दोन, रात्री सात-साडेसातनंतर. मधल्या वेळेत गावातील स्वयंपाकघरे बहुधा बंद असतात, त्यामुळे दिवसाचा बेत दुपारच्या जेवणाभोवतीच आखावा. दुपारी दोन किंवा तीन पदार्थांचा ठरलेल्या किमतीचा मेनू असतो आणि तोच रात्रीपेक्षा परवडतो. साधे पाणी सुरईतून मागितल्यास त्याचे पैसे पडत नाहीत, पावही सोबत येतो, आणि सेवाशुल्क बिलात धरलेलेच असते. आत शिरताना ‘बोंझूर’ (नमस्कार) म्हणायला विसरू नये. ते न म्हणता थेट मागणी करणे तेथे उद्धटपणाचे मानतात.

मांसाहारी व्यक्तीने बदकाची तंगडी त्याच्याच चरबीत मंद शिजवून केलेला ‘कोंफी’ खावा. शाकाहारी व्यक्तीने मात्र त्यासोबत येणाऱ्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या सार्लाच्या बटाट्यांपासून सावध राहावे, कारण तेही बदकाच्या चरबीतच परतलेले असतात. अक्रोड घातलेले गरम बकरी-चीजचे सॅलड आणि अक्रोडाचा केक मिळतो. अंडी चालत असल्यास रानअळंब्यांचे ऑम्लेट मागावे. पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातील, दूध साकळवणारे रेनेट वापरतात, हे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी आधीच जाणून असावे.

गावोगावी हिंडायला मोटार जवळजवळ अपरिहार्य आहे. तेथे वाहने उजवीकडून चालतात आणि जेथे पाटी नसेल तेथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. ऑगस्टमध्ये सार्लाच्या गल्ल्या पर्यटकांनी तुंबतात आणि हिवाळ्यात अनेक उपाहारगृहे बंद असतात, म्हणून मे, जून किंवा सप्टेंबर निवडावा.