ब्युरेट वाचताना डोळा कुठे हवा?

प्रश्न: एकाच ब्युरेटचं (द्रव मोजून सोडायच्या, खाली तोटी असलेल्या काचेच्या उभ्या नळीचं) रीडिंग मला २३.४ मिलि दिसतं, शेजारच्याला २३.६. ब्युरेट सदोष असेल का? आणि गडद जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटमध्ये मेनिस्कसचा (द्रवाच्या खोलगट पृष्ठभागाचा) तळच दिसत नाही, तेव्हा काय वाचायचं?

उत्तर: दोष बहुधा डोळ्यांच्या उंचीचा आहे. मेनिस्कसचा तळ नळीच्या मध्यावर असतो आणि रेघा काचेच्या पुढच्या अंगावर. त्यामुळे वरून पाहिलं की तळ वरच्या रेघेशी जुळल्यासारखा दिसतो. ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढतात, म्हणून वरून पाहिल्यास रीडिंग कमी येतं, खालून पाहिल्यास जास्त. (मोजपात्रात नेमकं उलट.) आता पाहा: सुरुवातीचं रीडिंग शून्याजवळ, उंचावर असतं आणि मान वर करून घेतलं जातं; शेवटचं खाली असतं आणि वाकायचा कंटाळा केला जातो. पहिलं जास्त, दुसरं कमी. वजाबाकीत दोन्ही चुकांची बेरीज होते. ‘चूक दोन्हीकडे सारखीच, ती निघून जाईल’ या भरवशावर कृपया राहू नका.

प्रत्येक वेळी डोळा मेनिस्कसच्या पातळीत आणा. गरज पडल्यास ब्युरेट स्टँडवर खाली घ्या. रेघ नळीभोवती पूर्ण फिरलेली असेल, तर तिची पुढची आणि मागची बाजू एकच दिसली की डोळा योग्य जागी आहे. नळीमागे अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद धरा, काळा भाग खाली. त्याची कड मेनिस्कसच्या साधारण १ मिमी खाली ठेवली की तळ ठसठशीत उमटतो.

परमँगनेटसाठी द्रवाची वरची कड वाचा, मात्र दोन्ही रीडिंगना तीच.

५० मिलिच्या ब्युरेटवर ०.१ मिलिच्या रेघा असतात. त्यांच्या मधलं अंतर अंदाजाने वाचून २३.४० असं दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा. ‘अ’ वर्गाच्या (जास्त अचूक) अशा ब्युरेटला ±०.०५ मिलिपर्यंत चुकीची सूट असते, म्हणजे तुमच्या दोघांतला फरक तिच्या चौपट आहे.

फनेल आधी काढा, त्यातून थेंब पडतो. टोकातला बुडबुडाही घालवा; तो मध्येच सुटला तर तेवढा द्रव वापरला गेल्याचा भास होतो. तोटी बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबा. आत थेंब चिकटून राहत असतील तर काच तेलकट आहे, ब्युरेट धुवूनच घ्या.

प्रश्न: पिपेटमधला (ठरावीक द्रव मोजून घ्यायच्या काचेच्या नळीतला) शेवटचा थेंब फुंकून काढावा का?

उत्तर: एका खुणेच्या नेहमीच्या पिपेटमध्ये नाही. टोक भांड्याच्या भिंतीला टेकवून द्रव आपोआप उतरू द्या. टोकात उरणारा द्रव खूण करतानाच हिशेबात धरलेला असतो.