खाणाऱ्याआधी देणारा

चि. स,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बेल्जियममधल्या गेंटजवळच्या लहानशा कारखान्यात चॉकलेट आणि बिस्किटे जपानला पाठवण्याचे काम तुझ्याकडे आल्याचे वाचून आनंद झाला. टोकियोत युरोपीय खाद्यपदार्थांच्या आयातीत मी बरीच वर्षे काढली असल्यामुळे तुझा प्रश्न मला ओळखीचा आहे. जपानी लोकांना कोणती चव आवडेल, असे तू विचारले आहेस. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तुमच्या किमतीचे चॉकलेट तिथे पुष्कळदा एक जण विकत घेतो आणि खातो दुसराच. त्यामुळे तुझा पहिला ग्राहक खाणारा नसून देणारा आहे.

बेल्जियममध्ये चॉकलेट वजनावर विकले जाते. ज्याँ नॉयहाउस यांनी १९१२ मध्ये ब्रुसेल्सला प्रालीन, म्हणजे आत सारण भरलेले चॉकलेट, बनवले आणि १९१५ मध्ये त्यांच्या पत्नी लुईझ यांनी ते चिरडू नये म्हणून पुठ्ठ्याची बॅलोटिन पेटी आणली. आजही दुकानदार त्या पेटीत चॉकलेटे एकावर एक रचून पाव किलो भरून देतो, आणि घेणाऱ्याला त्यात उदारपणा दिसतो. जपानमध्ये हीच पेटी अडचणीची ठरते. तिथल्या माणसाला पेटीत नेमके किती नग आहेत, कोणत्या खाचेत कोणती चव आहे आणि झाकण उघडताच सगळे एका थरात नीट दिसेल का, हे आधी कळायला हवे असते, कारण पेटी उघडली जाईल तेव्हा तो तिथे नसेल.

टोकियोतल्या एखाद्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात, म्हणजे ज्याला ते ‘देपाचिका’ म्हणतात तिथे, एक संपूर्ण दुपार नुसती उभी राहून काढ. विक्रेती नमुन्याची पेटी उघडून दाखवते, भेट कधी देणार हे विचारते, त्यानुसार मुदतीची तारीख सांगते, कागद तिरका धरून काही क्षणांत पेटी गुंडाळते, वर देताना वापरायच्या कोऱ्या पिशव्या मोजून ठेवते आणि बाहेर पाऊस असेल तर कागदी पिशवीवर प्लास्टिकचे आवरणही चढवते. तुमची पेटी या सगळ्या हातांतून जाणार आहे. आमच्या एका पुरवठादाराच्या मालातील काही पेट्यांचे कोपरे प्रवासात दबले होते. आतले चॉकलेट उत्तम आहे, असे त्याने लिहून कळवले आणि ते खरेही होते, पण दुकानाने एकही पेटी ठेवून घेतली नाही. दबलेल्या कोपऱ्याची भेट कोणी कोणाला द्यावी?

बिस्किटांच्या बाबतीत सर्वांत आधी वेष्टनाचा विचार कर. प्रवासाहून परतलेला कर्मचारी कचेरीत प्रत्येकाच्या टेबलावर एकेक नग ठेवतो, तेव्हा सुटी बिस्किटे त्याच्या काहीच उपयोगाची नसतात. प्रत्येक नगाला वेगळे वेष्टन हवेच. कॉफीसोबत एकच स्पेक्युलूस, म्हणजे दालचिनीच्या वासाचे बिस्कीट, वेष्टनात देण्याची पद्धत बेल्जियममध्ये रुळलेलीच आहे, तेव्हा कारखान्याला हे पटवणे तुला जड जाऊ नये. शिवाय दालचिनी जपानला परकी नाही. क्योटोची यात्सुहाशी ही कुरकुरीत मिठाई त्याच वासाची असते.

आता कंटाळवाणे पण नफा-तोटा ठरवणारे काम. जपानच्या खाद्यव्यापारात ‘एक तृतीयांश’ नावाची एक रूढी आहे. त्यानुसार मुदतीचा पहिला तिसरा हिस्सा संपण्याआधी माल दुकानात पोहोचलेला असावा लागतो. बऱ्याच मोठ्या साखळ्यांनी आता ही अट अर्ध्या मुदतीपर्यंत सैल केली आहे. तरीही नऊ महिने टिकणाऱ्या बिस्किटाला जुन्या हिशोबाने तीनच महिने मिळतात, आणि त्यातच अँटवर्पहून समुद्रप्रवास, सीमाशुल्काची तपासणी आणि जपानी लेबले चिकटवणे हे सगळे उरकावे लागते. युरोपात चालणारे क्विनोलीन यलो, ॲझोरुबिन असे रंग जपानमध्ये मान्य नाहीत, म्हणून पाककृती आयातदाराला आधीच दाखव. मलईच्या प्रालीनचा जहाजाने पाठवण्याइतका टिकाऊपणा नसतो. ती विमानाने पाठवणे परवडते का, ते मोजून पाहा.

चवीबद्दल थोडेच सांगते. ‘फार गोड नाही’ हे तिथे कौतुक असते, त्यामुळे साखर आणि नगाचा आकार दोन्ही आवरते घे. मात्र माचा (हिरव्या चहाची पूड) आणि युझू (लिंबासारखे जपानी फळ) घालण्याची घाई करू नकोस. ते काम जपानी कारागीर तुमच्यापेक्षा कितीतरी चांगले करतात; बेल्जियमकडून जपानी ग्राहकांना हेझलनटचे प्रालीन आणि लोण्याचा वास हवा असतो.

हंगाम म्हणजे व्हॅलेंटाइन, हे तुला ठाऊक असेलच. १४ फेब्रुवारीला स्त्रिया देतात आणि १४ मार्चच्या ‘व्हाइट डे’ला पुरुष परतफेड करतात, या दुसऱ्या दिवशी बिस्किटांनाही मागणी असते, आणि बेल्जियन कारखाने तिकडे पुरेसे लक्ष देत नाहीत असे मला वाटते. सहकाऱ्यांना केवळ रीत म्हणून द्यायच्या ‘गिरी-चोको’चे ओझे अनेकींना नकोसे झाले आहे. मूळची ब्रुसेल्सची आणि १९७२ पासून जपानमध्ये असलेली चॉकलेट कंपनी गोदिवा हिनेच २०१८ मध्ये वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन ही प्रथा बंद करू या, असे म्हटले होते. स्वतःसाठी एखादी छोटी, महागडी पेटी घेणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी चार-पाच नगांची पेटी जरूर असू दे.

पुढच्या महिन्यात नमुने पाठवशील तेव्हा पेटी रिकामी पाठवलीस तरी चालेल. झाकण कसे उघडते, ते मला आधी पाहायचे आहे.

तुझी,
मावशी