‘तुम्ही जा, मी घर सांभाळते’

प्रश्न : दिवाळीनंतर मुलांच्या सुट्टीत चार दिवस पचमढीला जायचं ठरतंय. आम्ही पाच जण : मी, यजमान, १४ आणि ८ वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे दुखतात. गाडी घरचीच आहे. यजमानांनी बघायच्या १७ ठिकाणांची यादी केली आहे. सासूबाई म्हणतात, ‘तुम्ही जा, मी घर सांभाळते.’ त्यांचं माहेर काटोलकडचं. वडील दरवर्षी महादेवाच्या यात्रेला पायी जायचे, त्यामुळे पचमढीच्या गोष्टी त्या मुलांना नेहमी सांगतात. त्यांना न्यावं का? नेलं तर कार्यक्रम कसा आखावा?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : न्या. नक्की न्या. आणि यादीला हात लावण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसून विचारा, ‘आई, तिथे तुम्हाला काय पाहायचंय?’ आपल्याकडच्या बाया ‘मी घर सांभाळते’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात ‘माझ्यामुळे तुमचं अडायला नको’ एवढंच असतं. ज्यांच्या वडिलांनी महादेवाचा पोहा, म्हणजे यात्रेला निघालेला जथा, कधी चुकवला नाही, त्या बाईला घरी राहायचं असेल हे मला पटत नाही.

माझं एक सांगते. १९९८ साली मी माझ्या आईला पचमढीला नेलं होतं. मी भूगोलाची शिक्षिका. नकाशा पसरून, अंतरं मोजून दोन दिवसांत चौदा ठिकाणं बसवली होती. आई जवळजवळ प्रत्येक ठिकाणी जीपमध्येच बसून राहिली. ‘तुम्ही पाहून या,’ म्हणायची. महादेवाची गुहा मी शेवटच्या सकाळवर ठेवली होती. दऱ्या आणि धबधब्यांपुढे गुहेत काय मोठंसं बघायचं, असं तेव्हा वाटलं. त्या सकाळी आवरायला उशीर झाला, परतीची बस गाठायची होती, गुहा राहिली. सौसर मागे पडल्यावर आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘मले त महादेवच पाहाचा होता वो.’ पुढच्या वर्षी नक्की, म्हटलं मी. ते पुढचं वर्ष आलं नाही. तेव्हापासून मला कोणीही पचमढीबद्दल विचारलं की मी पहिल्यांदा विचारते, सोबत म्हातारं माणूस कोण आहे?

तुमच्या मुलांनाही हे माहीत असलेलं बरं. पुस्तकात पचमढी म्हणजे १८५७ मध्ये कॅप्टन फोरसिथला ‘सापडलेलं’ पठार, आणि पुढे मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी. ते खरंच आहे. नागपूरचं ऊन टाळायला गोऱ्या साहेबांचा कारभार दर उन्हाळ्यात तिथे चढायचा. पण आपल्या गावागावांतली माणसं तिथे जात ती महादेवाला. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडावर चढणाऱ्यांत आजही वऱ्हाड-नागपूरकडची माणसं असतात. पोळ्याला तोरणाखाली आपण ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’ म्हणतो ना, तीच हाळी त्या जंगलात ऐकू येते. सासूबाईंच्या वडिलांच्या पायाखालची वाट त्यांची नातवंडं गाडीच्या खिडकीतून बघतील. जाताना सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा आणि बोलू द्या.

आता कार्यक्रम. नागपूर ते पचमढी रस्त्याने साधारण अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर : सावनेर, सौसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली. सकाळी सहाला निघा. सौसरच्या आधी जामसावळीला निजलेल्या हनुमानाचं दर्शन होतं, तो पहिला थांबा. तिथे पाय मोकळे होतात. सौसरनंतर सिल्लेवानीचा घाट लागतो. ज्या लेकराला गाडी लागते त्याला त्याच्या अर्धा तास आधीच गोळी द्या, घाट सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही. जेवण छिंदवाड्यात. तामियाला चहा घ्या आणि तिथून सातपुड्याच्या रांगा बघा. पाताळकोट तिथून जवळ आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराची खोल दरी, तळाशी भारिया लोकांची गावं. पण या खेपेला दुरूनच. मटकुलीनंतरचा चढ उजेडातच संपवायचा; नोव्हेंबरात साडेपाचलाच सूर्य बुडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी महादेव. ही एक गोष्ट माझी ऐकाच. बडा महादेवाच्या गुहेजवळ गाडी जाते, पुढे थोडंसंच चालायचं. गुहेच्या छतातून बारा महिने पाणी ठिबकतं, फरशी ओली असते, म्हणून अनवाणी चालताना १४ वर्षांच्या नातवाचा हात आजीच्या हातात असू द्या. भस्मासुर मागे लागला तेव्हा शंकर या डोंगरांत लपत फिरला आणि इथे मोहिनीने भस्मासुराला नाचवून त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावला, ही कथा आजीकडूनच ऐकायची. शेजारचा गुप्त महादेव मात्र अगदी अरुंद कपारीत आहे, आडवं होऊन सरकत जावं लागतं. ते मुलांनी करावं. चौरागड तिथूनच वर दिसतो. तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सासूबाईंनी खालूनच हात जोडले तरी चालेल, आणि तुम्हीही यंदा वर जाऊ नका. त्यांना खाली दोन-तीन तास एकटं बसवून ठेवण्यात अर्थ नाही. प्रसादाची पिशवी उघडी धरू नका, माकडं हातातून नेतात. परतताना त्याच रस्त्यावर हांडी खोह आहे. कठड्याशी उभं राहिलं की दरी दिसते, पायऱ्या नाहीत. त्या दिवशी दुपारनंतर काहीच ठेवू नका. खरंच काही नाही. जेवून झोपा.

तिसऱ्या दिवशी घर दोन तुकड्यांत वाटा. यजमान आणि मुलं सकाळी बी फॉलला जाऊ देत. खाली उतरायला भरपूर पायऱ्या, तेवढ्याच परत चढायच्या, पण पाण्याखाली उभं राहायचा आनंद मुलं जन्मभर विसरत नाहीत. गावाला पिण्याचं पाणीही त्याच प्रवाहातून येतं, तेव्हा साबण-शाम्पू खोलीवरच राहू द्या. तुम्ही आणि सासूबाई उन्हात खुर्च्या टाकून बसा. दुपारी चारपर्यंत सगळे मिळून धूपगड. तो सातपुड्यातला सर्वांत उंच माथा, सुमारे १३५० मीटर, आणि जिप्सी जवळजवळ वरपर्यंत जाते. या दोन्ही ठिकाणी आपली गाडी चालत नाही, तिथलीच जिप्सी परवान्यासह करावी लागते. जिप्सीची पायरी उंच असते. घरातलं एक बुटकं प्लॅस्टिकचं स्टूल गाडीत टाकून न्या. गुडघेदुखीच्या माणसाला त्या स्टुलाइतका आधार कशाचाच नाही. सूर्य खाली गेला की वारा झोंबतो, तेव्हा शाल, कानटोपी आणि मोजे हाताशीच हवेत.

चौथ्या दिवशी जटाशंकर. पायऱ्या उतरायला सासूबाई तयार असतील तर सगळे, नाहीतर तुम्ही जाऊन या; मग परतीची वाट. पांडव लेणी, रजत प्रपात, अप्सरा विहार आणि यादीतलं बाकीचं यावेळी सोडून द्या. यजमानांना माझ्यातर्फे सांगा, पचमढी अडीचशे किलोमीटरवरच आहे, धबधबे पुढच्या वर्षीही पडतील.

खोली आताच ठरवा, दिवाळीनंतर जागा मिळत नाही. ठरवताना दोनच गोष्टी फोनवर पक्क्या करा : खोली तळमजल्यावर आहे का आणि कमोड आहे का. खिडकीतून दरी दिसते की नाही ते नंतर बघू.

प्रश्न : जूनमध्ये विमानाने लेहला जायचं आहे. पाच दिवसच मिळाले आहेत, म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही उंच खिंड करावी म्हणतो. माझं वय ५२, प्रकृती चांगली आहे.
– वाचक, प्रतापनगर

उत्तर : दुसऱ्या दिवशी करू नका. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आणि लेह ३५०० मीटरवर. विमान ते अंतर काही तासांत कापतं, शरीराला दिवस लागतात. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. रोज सकाळी अंबाझरीला चार फेऱ्या मारणाऱ्या माणसाचंही तिथे पहिल्या संध्याकाळी डोकं ठणकतं. पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम, पाणी भरपूर, दारू अजिबात नाही. खिंडीत गेलात तरी वर रेंगाळायचं नाही. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणं विस्कळीत झालं तर त्याच क्षणी खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. सकाळची वाट बघायची नाही. सात-आठ दिवस मिळवू शकलात तर श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करत रस्त्याने जा. चढ हळूहळू होतो आणि झोजी ला पार करताना काश्मीरची हिरवळ संपून लडाखचे उघडे डोंगर कसे सुरू होतात ते डोळ्यांनी बघायला मिळतं.

प्रश्न : मॅडम, आम्ही चार मित्र जुलैत दोन बाइकवर चिखलदऱ्याला जाणार आहोत. घरचे नको म्हणतात. तुम्ही काय म्हणाल?
– विद्यार्थी, सक्करदरा

उत्तर : जा रे, पण माझ्या अटींवर. सव्वादोनशे किलोमीटर आहे, पहाटे पाचला निघायचं, म्हणजे अमरावतीला नाश्ता आणि परतवाड्याला दुपारच्या आत पोचता. परतवाड्याला पेट्रोल भरा, ब्रेक तपासा. त्यानंतर घाट. जुलैत घाटात धुकं असं उतरतं की पुढची बाइक दिसत नाही. म्हणून दिवसाउजेडीच चढायचं, दिवे लावून, ओव्हरटेक न करता. वळणावर थांबून फोटो काढलेत तर मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही.

धुक्यामुळे देवी पॉइंटवरून कदाचित पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसणार नाही. हिरमुसू नका, तासभर थांबा. वारा आला की दरी एकदम उघडते आणि पुन्हा मिटते. ते बघायला मी पावसाळ्यात तीनदा गेले आहे. भीमकुंडावर भीमाने कीचकाला मारून हात धुतले असं सांगतात. कीचकदरावरून चिखलदरा हे नाव तिथूनच आलं म्हणतात. तिथल्या कड्यावर शेवाळ असतं, कठड्यापलीकडे पाय टाकायचा नाही. गाविलगडाला अर्धा दिवस द्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने तो घेतला. तट आणि दरवाजे बघितले की त्याला किती झटावं लागलं असेल ते कळतं. आत मोठमोठे तलाव आहेत, पोहायला उतरू नका. गवळ्यांवरून ज्या गडाला नाव पडलं त्याच्या पायथ्याशी आजही गवळ्यांच्या म्हशींच्या दुधाची रबडी आणि खवा मिळतो. तो पोटभर खा, आणि तिथलीच कॉफीही प्या. आपल्या विदर्भात कॉफीचे मळे तिथेच आहेत.

मेळघाट हे वाघाचं आणि कोरकू लोकांचं घर आहे. कोणाच्या अंगणात न विचारता कॅमेरा धरू नका, प्लॅस्टिक परत आणा. आणि चौघांपैकी जो सगळ्यांत कमी सराईत चालवतो, त्याची बाइक पुढे ठेवा. त्याच्या वेगाने सगळे चाला. परतवाड्याला पोचल्यावर आणि वर चढल्यावर, दोनदा, आईला फोन करा. वर रेंज नसली तर बसस्टँडजवळच्या दुकानात विचारा, तिथली माणसं फोन लावून देतात.