जळगावात राहून मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घ्यावं का? सांभाळायला काय त्रास होतो?

जमतं, पण गाडी रस्त्यावर असताना त्रास कमी, दारात उभी असताना जास्त. आपल्याकडे पहिला शत्रू ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, उघड्यावरच्या गाडीचं छतावरचं सीलंट (सांधे बुजवणारा लेप) तडकतं, आणि ते कळतं पहिल्या पावसात, गादी भिजल्यावर. म्हणून आधी पत्र्याची शेड, मग गाडी. मृगाच्या आधी छतावर चढून खिडकीच्या कडा बोटाने दाबून बघायच्या.

एसीबद्दल विकणारे फार गोड बोलतात. हिशेब करा: 12 व्होल्टची 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे 1800 वॅट-तास, त्यातही लेड-ॲसिडची निम्मीच वापरायची. दीड टनी एसी पूर्ण जोरात तासाला साधारण दीड युनिट, म्हणजे 1500 वॅट-तास, खातो. जेमतेम अर्धा तास! रात्र काढायला जनरेटर नाहीतर बाहेरची लाइन हवीच. ढाबेवाला देईलही, पण अर्थिंग आहे का ते आधी तपासून घ्या.

संडासाची टाकी घरच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी करा, नाल्यात नको.

जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन आतून बनवणार असाल तर आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मनासारखे बदल करता येत नाहीत, आणि आरसीवर नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी विमावाले हात वर करू शकतात.

आणि हो, शेताजवळ उभी करणार असाल तर उंदरांचं बघा. वायरी कुरतडतात मेले.